निपाणीत दिवस कधी बुडतो

आमच्या घरात माणसं तीन होती आणि सूर्याबद्दलची मतंही तीन. माणसं म्हणजे आप्पा, आत्ती आणि मी. आप्पा माझे वडील. बेळगावला लागून असलेल्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत सगळेच लुगडी विणायचे, तसे तेही विणायचे. आत्ती त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला, ती माहेरी परतली आणि तेव्हापासून आमच्या घराचा गाडा तीच ओढत होती. तिच्या मते सूर्यनारायण दिवसभर घोडे हाकून दमतो, संध्याकाळी डोंगरापलीकडे गोव्याच्या दर्यात आंघोळ करतो आणि भुईखालच्या वाटेनं चालत चालत उगवतीला येऊन उभा राहतो. सकाळी तो तांबडा का, तर जागरणानं. आप्पांना देवाधर्माचं वावडं नव्हतं, पण कुठलीही गोष्ट मागावर बसवून बघायची त्यांना खोड होती. ते म्हणायचे, सूर्य म्हणजे देवाचा धोटा. मागावर आडवं सूत घेऊन धोटा जसा या हातापासून त्या हातापर्यंत पळतो, तसाच तो. जाताना दिसतो, परत येताना ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, खालून येतो म्हणून दिसत नाही, इतकंच. एक फेक, एक दिवस. तिसरं मत मी शाळेतून घरी आणलं आणि त्यापायी एक लुगडं नासलं. ती हकिगत सांगायला बसले आहे, पण आधी आक्काबद्दल सांगायला हवं.

आक्का माझी बहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. माझ्या जन्मानंतर चारच दिवसांत आई गेली. तेव्हा आक्का स्वतः पोर होती, पण तिनं मला कडेवर घेतलं ते मी चांगली दांडगी होईपर्यंत खाली ठेवलं नाही. भाकरीचा फुगलेला पापुद्रा माझा आणि खालचं जाड बूड तिचं, ही आमची वाटणी. मी रडवी होते, हट्टी होते आणि जिभेनं तिखट होते. आत्ती म्हणायची, "हिला आक्कानंच नासवलंय." खोटं नव्हतं. आक्का घरात होती तोवर मला मैत्रीण करावीशी वाटली नाही, आणि ती गेल्यावर ती कशी करतात हेच मला माहीत नव्हतं.

आक्काचा मुख्य उपयोग पांजणीला व्हायचा. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ पाजतात, ती पांजणी. पहाटे गल्लीत घरापासून कोपऱ्यापर्यंत ताणा पसरायचा, दोन्ही टोकांना ओढून धरायचा, आणि आंबूस वासाची ती खळ लावत कुंच्यानं सूत विंचरत जायचं. हे सगळं ऊन चढायच्या आत. ऊन लागलं की खळ कडक होते आणि सूत तटातट तुटतं. म्हणून आमच्या गल्लीत सूर्याबद्दल बोलल्यावाचून कुणाचा दिवस सुरू व्हायचा नाही. तो सगळ्यांच्या डोक्यावरचा मुकादमच होता. आमच्या ताण्याचं एक टोक आप्पांकडं आणि दुसरं आक्काकडं असायचं. तिचं लग्न झाल्यावर ते टोक माझ्या हातात आलं. माझी उंची पुरेना, म्हणून आप्पांनी मला पाटावर उभं केलं. थंडीत बोटं बधिर व्हायची, समोर अर्ध्या गल्लीइतक्या अंतरावर आप्पा असायचे, मधे नुसतं पांढरं सूत, आणि मला तिथं उभं राहून रोज रडू यायचं. नाक पुसायला हात मोकळा नसायचा.

आक्काला निपाणीला दिलं होतं. माणसं आमच्यातलीच, पण माग सोडून तंबाखूच्या धंद्यात पडलेली. स्वतःची वखार, खाऊन-पिऊन सुखी. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती मला घेऊन घरामागच्या विहिरीच्या कट्ट्यावर आली. तिथून पुढं नुसती शेतं आणि लांबवर निळा डोंगर. हळदीनं पिवळे झालेले हात तिनं माझ्या गालांवर ठेवले.

"शेवंते, रडू नगंस. रोज दिवस बुडताना हितं येऊन बघत जा. मी बी तिकडनं बघीन."

"मग काय हुतंय?"

"दोघी एकच दिवस बघतोय म्हटल्यावर लांब कुठं ऱ्हायलो गं?"

आमच्याकडं बोलताना सूर्य कुणी म्हणत नाही, दिवसच म्हणतात. दिवस उगवला, दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी आक्का गेली आणि त्याच संध्याकाळी मी कट्ट्यावर जाऊन उभी राहिले. त्यानंतर एक संध्याकाळ चुकवली नाही. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या रहाटावर भरता भरता माझं लक्ष दाराबाहेरच्या सावलीवर असायचं. ती पायरीला लागली की रहाट तसाच सोडून मी पळायची. पावसाळ्यात ढगच ढग असायचे, तरी जाऊन ढगांकडं बघून यायची. आता सांगताना हसू येतं, पण दिवसभरात तेवढाच वेळ मला मी एकटी नाही असं वाटायचं. बाकी सगळा दिवस गल्लीभर मागांची खटाखट चालायची आणि त्यात कुणाला कुणाशी बोलायचं नसायचं.

आत्तीला हे खपायचं नाही. कातरवेळी पोरीनं विहिरीवर जायचं म्हणजे काय? पहिल्यांदा ती ओरडली, मग भुताची भीती घालून बघितली आणि शेवटी एक दिवस देवापुढं दिवा लावता लावता सहज म्हणाली, "उगं जातीस तू. निपाणीचा दिवस निपाणीला, आपला आपल्याला. गावागावाचा येगळा अस्तोय त्यो."

तिनं ते मला घरात थांबवायला म्हटलं होतं. माझ्या मात्र पायाखालची जमीन सरकली. आक्का एक सूर्य बघतेय आणि मी दुसराच, असं असलं तर मग इतके दिवस मी कुणाबरोबर उभी होते? आप्पांना विचारलं. ते मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, मान वर न करता म्हणाले, "धोटा एकच अस्तोय गं." पण आप्पांचा देव शहापुरातलाच विणकर असला तर? निपाणीला दुसरा विणकर असेल. शेजारच्या संगप्पाकाकांना विचारलं, तर त्यांनी कानडीत "देवरिगे गोत्तु" म्हणून वर बोट दाखवलं. म्हणजे देवाला ठाऊक. शेवटी मी शाळेतल्या बाईंना विचारायचं ठरवलं.

बाई तरुण होत्या, पुण्याकडच्या, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच असं त्यांचं व्रत होतं. त्यांनी मला घरून सुताचा मोठा गुंडा आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडक्या बंद केल्या आणि भर दुपारी कंदील लावला. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायची मारामार, त्यामुळं पोरी सूर्याकडं न बघता कंदिलाच्या काचेकडंच बघत होत्या. बाईंनी गुंड्याला एक टाचणी टोचली. "हे बेळगाव. आणि कंदील म्हणजे सूर्य. आता सांगा, कंदील हलतोय का?" आम्ही म्हटलं, न्हाय. मग त्यांनी गुंडा सावकाश फिरवला. टाचणी उजेडात आली, चकाकली, पलीकडं गेली आणि अंधारात बुडाली. सूर्य उगवत नाही, बुडतही नाही. आपणच त्याच्यासमोर येतो आणि आपणच दूर जातो.

मी हात वर केला. "बाई, निपाणी कुठं?"

पोरी हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरी टाचणी घेतली आणि पहिलीच्या इतक्या जवळ टोचली की दोन्हींची डोकी एकमेकींना लागली.

"दोघींना एकच सूर्य दिसतो?"

"एकच. साऱ्या जगाला एकच."

माझ्या जिवात जीव आला. तिथंच गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. "मग बुडतो पण एकाच टायमाला?"

बाई भिंतीवरच्या नकाशाजवळ गेल्या, बोटानं काहीतरी मापलं. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. म्हणाल्या, "निपाणी आपल्या उत्तरेला आहे आणि जराशी पश्चिमेकडे. या दिवसांत तिथे सूर्य किंचित उशिरा मावळत असेल. अगदी किंचित हं, शेवंता. तू शंभर आकडे मोजेपर्यंत तिथेही मावळलेला असेल."

वर्गाला पृथ्वी फिरते याचा धक्का बसला होता. मला धक्का बसला तो या किंचितचा. म्हणजे मी वळून घरी यायची तेव्हा आक्का अजून तिकडं उभीच असायची, एकटी. तिला वाटत असेल शेवंती आपल्याबरोबर बघतेय, आणि शेवंती मात्र घरात शिरलेली. त्या संध्याकाळी दिवस बुडाल्यावर मी कट्ट्यावरून हलले नाही. शंभर आकडे मोजले, सावकाश, घाईनं मोजून तिला फसवल्यासारखं होऊ नये म्हणून. मग घरी आले. तेव्हापासून रोज तसंच.

घरी मी हे नवं ज्ञान भाकरीबरोबर वाढलं. झुणका होता, खर्डा होता, आणि आत्ती चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "भुई फिरती तर हंड्यातलं पानी कसं सांडत न्हाय?" आप्पा म्हणाले, "फिरली असती तर पांजणीचा ताणा गल्लीत सरळ ऱ्हायला अस्ता व्हय? बाई शिकल्याली हाय, खरं तिनं ताणा कवा धरलाय?" एरवी कधी एकमेकांशी न पटणारी ही दोघं माझ्याविरुद्ध एक झाली. मी चिडले. बाईंनी सगळ्यांना एक प्रयोग दिला होता: घरात कवडसा पडतो तिथं रोज एका ठरलेल्या वेळी खूण करायची. सूर्य आपली वेळ किती नेमानं पाळतो ते कळेल. मला तर ते कळायलाच हवं होतं. तो रोज त्याच जागी येत असेल, तरच माझ्या शंभर आकड्यांना काही अर्थ होता.

आमच्या मागाच्या खोलीला कौलांत एक काच बसवलेली होती, मागावर उजेड पडावा म्हणून. शाळेची पहिली घंटा व्हायची तेव्हा त्या काचेतून येणारा रुपयाएवढा कवडसा बरोबर मागावरच्या विणलेल्या कापडावर असायचा. त्याच वेळी आप्पा खड्ड्यातून उठून आंबील प्यायला चुलीकडं जायचे. इतर पोरींनी जमिनीवर, भिंतीवर कोळशानं खुणा केल्या. मी आक्काची मागं राहिलेली काजळाची डबी काढली, करंगळीचं टोक बुडवलं आणि कवडशाच्या मधोमध मोहरीएवढा ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी घंटेला गेले, तर कवडसा तिथंच आणि ठिपका गायब. मी पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन दिवस मी हे केलं आणि तिसऱ्या दिवशी रडवेली होऊन आप्पांना जाऊन धरलं, "आप्पा, दिवस माझा ठिपका पुसतोय!"

आप्पांनी कसला ठिपका म्हणून विचारलं. मी मागाकडं बोट दाखवलं. ते मागावर बसले, पोटाजवळचा कापड गुंडाळायचा लाकडी रूळ उलटा फिरवला आणि कापड सोडत गेले. आजचा ठिपका वरच होता; हातभर आत कालचा निघाला, त्याच्या आणखी आत परवाचा. ठिपके होते तिथंच होते. आप्पा दिवसभर जेवढं विणायचे तेवढं कापड रोज गुंडाळलं जायचं आणि माझी खूण त्याबरोबर पोटात जायची. विणकराची पोर असून मला हे कळू नये! माग रोज डोळ्यांसमोर चालत होता, पण माझ्या लेखी तो भिंतीसारखा होता, घरासारखा होता; हलणारी चीज म्हणजे फक्त सूर्य. आप्पांना गंमत वाटली. मोठ्यांदा हसून ते म्हणाले, "दिवस हाय तितंच हाय गं खुळे. कापाड सरकलंय!" आणि म्हणता म्हणता थांबले. मला वाटतं, बाईंची टाचणी त्या क्षणी त्यांना टोचली. मग त्यांचं लक्ष ठिपक्यांकडं गेलं आणि हसू पार मावळलं.

कारण मागावर होतं ते आक्काचं लुगडं. आक्काला सातवा महिना लागत होता आणि ओटी भरायला न्यायचं हिरवं लुगडं आप्पा स्वतः विणत होते. ओटीच्या लुगड्यावर काळं! आत्ती धावत आली, बघितलं आणि पदरानं घासायला लागली. काजळ तेलाचं, धुऊन निघणारं नव्हतं. दुसरं विणावं तर लढाईमुळं सूत मिळत नव्हतं. हिरवं तेवढंच होतं, वर्षभर जपून ठेवलेलं. आप्पांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते मागावर बसले आणि विणायला लागले, पण दर चार फेकींनी हात थांबत होता. मी त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून राहिले. मला एकच सुचत होतं, आक्काला काही झालं तर ते माझ्यामुळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती मागाजवळ आली, तिन्ही ठिपके बोटानं चाचपले आणि ठसक्यात म्हणाली, "तीट हाय ही. पोटुशीला नजर लागू ने म्हणून बापानं मागावरच तीट लावलीया. इचारलं कुणी तर असंच सांगायचं. काय गं शेवंते?" मी मान हलवली. आप्पांनी पहिल्यांदाच वर बघितलं. आत्तीला ओटीला जाता येणार नव्हतं. विधवेचं तिथं काय काम? आपण जिथं पाऊल ठेवणार नाही तिथलं संकट तिनं घरात बसून निवारलं. पुढच्या वर्षी गल्लीतल्या एका बाईनं आप्पांकडं आपल्या लेकीसाठी तसलंच तिटेचं लुगडं मागितलं, तेव्हा आत्ती तोंडाला पदर लावून आत पळाली होती.

निपाणीला आप्पा आणि मी गेलो. आक्काला घेऊनच या, असं आत्तीनं बजावलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. मी तिच्या अंथरुणाची जागासुद्धा झाडून ठेवली होती. खडेबाजारातून कुंदा घेतला. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटर होती, चढ आला की माणसं उतरून ढकलायची. निपाणी येण्याआधी निपाणीचा वास आला, नाकातून डोक्यात चढणारा. आक्काच्या घरात पाऊल ठेवलं आणि शिंकाच सुरू झाल्या. आक्का बाहेर आली. पोट पुढं, पण चेहरा उतरलेला, नखांच्या कडा पिवळ्या. ती मला जवळ घेऊन हसली, तेव्हा खोकलीसुद्धा.

ओटी भरली. तिच्या सासूनं लुगडं उलगडून बघितलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. मी पाठ केलेलं वाक्य घडाघडा म्हटलं. सासूनं लुगड्याची घडी घातली आणि ती म्हणाली, "बरं केलं." पण आक्काला पाठवायचं निघाल्यावर तिनं साफ सांगितलं, "बाळातपण हितंच हुईल. तंबाखूचा हंगाम हाय, हात कमी पडाय लागल्यात. आणि तुमच्यात करणार कोण? घरात सवाशीण बाई न्हाय." आप्पा मान खाली घालून ओटीचे सांडलेले तांदूळ वेचायला लागले. लेकीचा बाप, काय बोलणार?

तरी मला एक संध्याकाळ मिळणार होती. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून दिवस बुडताना बघणार होतो, आणि त्यासाठी मी दुपारपासून आक्काच्या पाठीमागं होते. सावली लांब झाली तशी मी तिला शोधत वखारीत गेले. आत खिडकी नव्हती. दाराशीसुद्धा गोणपाट टांगलेलं, वाऱ्यानं जर्दा उडू नये म्हणून. त्या अंधारात तोंडाला फडकं बांधून चार बाया चाळण मारत होत्या. त्यांतली एक आक्का होती.

"आक्का, चल की. दिवस बुडाय लागला."

तिनं फडकं खाली केलं. "मग?"

"मग काय? बघाय जायाचं न्हवं? रोज जातीस तिथंच."

तिला आठवत नव्हतं. कुणी आठवण करून दिल्यावर माणूस आठवायला लागतो, तसं ते हळूहळू तिच्या चेहऱ्यावर आलं, आणि मला कळलं की या दोन वर्षांत तिनं एकदाही सूर्य बुडताना बघितला नाही. तिला तो दिसतच नव्हता. या खोलीतून ती बाहेर यायची तेव्हा दिवेलागण झालेली असायची.

"तू रोज जातीस व्हय गं?" ती हळूच म्हणाली.

"रोज. आणि हितं उशिरा बुडतोय म्हणून शंभर मोजून मग घरात जाती. तू एकटी पडू ने म्हणून."

"खुळी हैस तू," आक्का म्हणाली. तेवढ्यात सासूची हाक आली आणि ती फडकं वर ओढून चाळणीला लागली. मी एकटीच परसात गेले. निपाणीचा दिवस आमच्यासारखाच होता, तांबडा आणि गोल. मी तो पुरता बुडेपर्यंत थांबले नाही. मला आक्काचा राग आला होता, इतका की दुसऱ्या दिवशी निघताना तिनं माझ्या हातात शेंगांची पुडी दिली ती मी मोटरीत तशीच ठेवून उतरले. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला राग धरण्याखेरीज येतं काय? तिच्याकडं खिडकी नव्हती, हे मला कळायला पुष्कळ वर्षं लागली.

शहापुरात आल्यावर मी कट्ट्यावर जाणं बंद केलं. सावली पायरीला लागायची आणि मी मुद्दाम रहाट जोरानं फिरवायची. दोन-तीन दिवसांनी आत्तीनंच विचारलं, "न्हाय गेलीस व्हय आज दिवस बघाय?" मी म्हटलं, "दिवस कुठं बुडतोय, आत्ती? भुई फिरतीया." मला वाटलं ती हंड्यातल्या पाण्याची गोष्ट काढेल. पण तिनं माझ्याकडं बघून नुसता उसासा टाकला. मीच बरोबर होते, बाई बरोबर होत्या, आणि मला इतकं एकटं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. कंदिलासमोर दोन टाचण्या कितीही जवळ टोचा, एकीला दुसरी दिसत नाही.

आक्का पुढं निपाणीतच सुखरूप बाळंत झाली. तिला सहा मुलं झाली, नातवंडं झाली, ती चांगली म्हातारी होऊन गेली. पण चार दिवसांपेक्षा जास्त आम्ही दोघी एका छपराखाली पुन्हा कधी राहिलो नाही. ते हिरवं लुगडं शेवटी तिच्या सुनेनं मला आणून दिलं. ठिपके अजून आहेत. पहिल्या दोहोंतलं अंतर आप्पांच्या एका दिवसाच्या विणीएवढं भरतं. आता मी ऐंशीला टेकले, माझ्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे आणि समोरच्या इमारतीमुळं तिच्यातून सूर्य दिसत नाही. हे सगळं लिहायला घेतलं ते मात्र त्या एका संध्याकाळसाठी.

निपाणीहून येऊन वीस-बावीस दिवस झाले असतील. आक्काचे चुलतसासरे तंबाखूच्या कामासाठी खडेबाजारात आले होते, ते वाट वाकडी करून आमच्याकडं आले. आप्पांनी माग थांबवला, आत्तीनं गुळाचा चहा केला. मी कांड्या भरत बसले होते. आक्का बरी आहे, म्हणाले. मग कप खाली ठेवून जरा खाकरले. "खरं तुमच्या पोरीला ह्ये कसलं डोहाळं लागल्यात म्हणायचं, आप्पा? रोज कातरवेळ झाली की हातातलं काम टाकून परसात जाऊन हुबी ऱ्हाती. वहिनी लई वरडती, तरी आयकत न्हाय. मावळतीकडं बघत असती आणि दिवस बुडाला तरी हलत न्हाय, तोंडानं कायतरी मोजत असती."

"कवापासनं?" आप्पांनी विचारलं.

"तुमी येऊन गेलता न्हवं, तवापासनं."

मी दाराकडं बघितलं. सावली पायरीवरून केव्हाच उतरली होती. हातातली कांडी कुठं टाकली मला आठवत नाही, रहाट आडवा झाल्याचा आवाज तेवढा आठवतो, आणि मागून आत्ती कुणाला तरी म्हणाली ते, "जाऊ द्या तिला." परसातून, केळीच्या वाफ्यातून, अनवाणी मी विहिरीच्या कट्ट्यावर आले तेव्हा डोंगरावर नुसती तांबूस कड उरली होती. दिवस बुडाला होता. वीस-बावीस संध्याकाळी ती तिकडं एकटी उभी होती, सासूच्या शिव्या खात, उशीर तिकडं होतो म्हणून मोजायचं मी, तिनं नव्हे, याचा घोळ करून माझ्यासाठी शंभर आकडे मोजत, आणि इकडं मी रहाट फिरवत बसले होते. मला मोठ्यांदा रडू आलं. मग आठवलं की हा बुडालाय तो शहापुरात. बाईंनी नकाशावर मापून सांगितलं होतं, निपाणीला अजून थोडा शिल्लक असतो. मी डोळे पुसले, नीट उभी राहिले आणि एकापासून मोजायला लागले.